अकरा मिनिटं

माझं काम सोपं आहे.
बोलणाऱ्याचा माइक वर, बाकीच्यांचे खाली.
रिगाच्या विद्यापीठातलं दुसऱ्या मजल्यावरचं सभागृह,
बाहेर दौगवा नदी
गोठावं की न गोठावं या विचारात,
आत तीन विद्वान, चौथे पडद्यावर,
लक्झेंबर्गहून, दोन सेकंद उशिरा.

विषय: ताज्या निकालाचा अन्वयार्थ.
मयत इसम सायकलवरून लोकांची जेवणं पोचवायचा.
सात वाजून दोन मिनिटांनी एक ऑर्डर दिली,
पुढची सात तेराला त्याच्या फोनवर वाजली.
मधे केव्हातरी, दगडी पुलाच्या उतारावर,
ट्रामच्या रुळात पुढचं चाक गेलं.

प्रश्न एवढाच,
त्या अकरा मिनिटांत तो कामावर होता का?

निकालपत्रात त्याला नाव नाही, नियमच तसा.
तो 'व्यक्ती अ'.
प्राध्यापक बेर्कोल्ड्स म्हणाले,
वाट पाहणं म्हणजे उपलब्ध असणं,
उपलब्ध असणं म्हणजे काम करणं नव्हे.
अॅडव्होकेट विझ्मा ओझोला म्हणाल्या,
साखळीतला कुत्रा झोपला तरी राखणच करत असतो.
(हसू. मी पातळी थोडी खाली घेतली.)
निवृत्त न्यायाधीशबाईंनी चष्मा चढवला:
परिच्छेद एक्केचाळीसमधलं क्रियापद पाहा,
'होता' म्हटलेलं नाही,
'असल्याचे मानता येईल' असं आहे.
मग त्या 'मानता येईल'चा
तासभर कीस निघाला.

मला कायदा कळत नाही.
मला श्वास कळतो.
कोण वाक्य संपायच्या आधीच पुढचा श्वास घेतो,
कोणाला आपलंच बोलणं पटलेलं नाही,
हे हेडफोनमध्ये आधी ऐकू येतं.

शेवटच्या रांगेत एक बाई होती,
मांडीवर निळी चौकोनी पिशवी,
जेवण गरम ठेवणारी.
दारावरच्या पहारेकऱ्याने तिला अडवलं होतं,
कुणाची ऑर्डर?
ती म्हणाली, माझीच.

प्रश्नोत्तरांची वेळ संपली.
आयोजकाने मला बोटानेच खूण केली, आवर.
तेवढ्यात ती उठली, आणि पाचवा माइक
नेमका तिच्या खुर्चीशेजारी.

माझं नाव स्कैद्रीते, ती म्हणाली.
त्याचं ओयार्स होतं.
मला क्रियापदातलं समजत नाही.
ही पिशवी कंपनीची आहे, पावतीवर तसं छापलंय.
चाळीस युरो अनामत कापून घेतलेत.
त्या अकरा मिनिटांत ही त्याच्या पाठीवर होती.
तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढले
पण हे विचारायचं राहिलं,
आता ही मी परत कुणाला करू?

बेर्कोल्ड्सनी पेला उचलला, तो रिकामा होता.
ओझोलाबाईंनी काहीतरी लिहिलं, मग खोडलं.
न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला
आणि पुसला नाही.
दोन सेकंदांनी पडद्यावरून आवाज आला,
"फारच रोचक प्रश्न."

चहाला बेकनचे पिराग होते, बरेच उरले.
स्वयंपाकघरातल्या मुलीने ते कागदात बांधून
तिच्या पिशवीत भरले.
चेन ओढताना ती म्हणाली,
घरी जाईपर्यंत गरम राहतील,
अजून चांगली आहे.

रात्री आयोजकाचा निरोप आला,
शेवटचा एक मिनिट चार सेकंदांचा तुकडा
ध्वनिमुद्रणातून काप,
तो वेळेच्या बाहेरचा आहे.

माझा करार पाचपर्यंतचा.
ती बोलायला उठली तेव्हा
पाच वाजून सहा मिनिटं झाली होती.
मी ते मिनिट पुन्हा ऐकलं,
तिच्या श्वासासकट,
आणि फाइलला नाव दिलं: ओयार्स.